डाव्या पायाची करंगळी

"सगळ्यांना माती द्या. तिमांदरला सोडून," लिकोन म्हणाला. "तो सापडला की कोटाबाहेर टाका. कावळ्या-कुत्र्यांचंही पोट भरू दे."

लढाई कालच त्याने जिंकली होती. नदीच्या उतारावर मेलेल्यांची रांग मांडलेली होती. चिलखतं जिंकणाऱ्यांनी आधीच उतरवून नेली होती, आणि तोंडं घोड्यांनी तुडवलेली. यातला राजा कोण, हे देवालाही सांगता आलं नसतं. तिमांदर द्राक्षांना रंग चढताना गादीवर बसला आणि द्राक्षं रसासाठी तुडवायच्या आत गादी गेली. नाण्यावर चेहरा उमटवायचीही सवड मिळाली नाही बिचाऱ्याला. सावत्र भाऊ लिकोन तर परमुलखात वाढलेला. त्याने धाकट्याला कधी पाहिलंच नव्हतं.

म्हणून त्याने तिमांदरच्या आईला बोलावलं. थेआनो आली ती म्हाताऱ्या दाईला, मिर्तोला, हाताला धरून. मिर्तोला दोन हातांपलीकडचं दिसत नव्हतं. शिवाय ती दासी. तिला कोण विचारतो?

"या, धाकट्या आई," लिकोन म्हणाला. "लेकाला ओळखा."

"त्यासाठी मी कशाला हवी? पाय बघायचे," थेआनो म्हणाली. "डाव्या पायाची करंगळी लहानपणीच कुऱ्हाडीखाली गेली त्याची."

शिपाई धावले. परत येऊन त्यांनी माना हलवल्या. सगळ्यांच्या करंगळ्या जागच्या जागी होत्या.

लिकोन कच्च्या गुरूचा चेला नव्हता. बाई तोंडाने काहीही बोलेल, पण पोटचा गोळा असा पडलेला पाहून आईचे डोळे कोरडे राहायचे नाहीत, हे त्याला ठाऊक होतं. त्याने तिला रांगेच्या कडेने चालायला लावलं आणि स्वतः तिच्या चेहऱ्याकडे बघत उलट्या पावलांनी चालू लागला.

थेआनो चालली. मध्ये एकदा चपलेचा बंद सैल झाला म्हणून वाकली, तो आवळला आणि पुन्हा चालू लागली.

"यात नाही," ती शेवटी म्हणाली. "निसटला तुझ्या हातून."

लिकोनचं तोंड उतरलं. माती न मिळालेला जीव पाताळातल्या नदीच्या अलीकडेच भटकत राहतो. भावाला पलीकडे जाऊ द्यायचं नाही, एवढी एकच हौस त्याची उरली होती. त्याने स्वार डोंगराकडे पिटाळले आणि बाकीच्यांसाठी खड्डा खणायला सांगितला.

परतीच्या वाटेवर मिर्तोच्या पायांत बळ आलं. पोर जिवंत आहे, याचा आनंद तिच्या पोटात मावत नव्हता. फक्त एक गोष्ट तिला कळत नव्हती.

"बाईसाहेब, ते कुऱ्हाडीचं काय काढलंत? मीच न्हाऊ घालायचे त्याला. दहाच्या दहा बोटं होती."

मागे नदीकाठी खणण्याचा आवाज सुरू झाला होता. थेआनोने तिचा हात घट्ट धरला.

"हळू बोल. त्याच्यावर माती पडू दे."