जड उचलू नका

“काकू, कुशीवर वळा आणि हाताचा रेटा देऊन उठा. आपल्याला चालायचंय,” सिस्टर म्हणाली.

“चालायचंय?” खुर्चीतला नवरा दचकला. “अहो, सकाळीच तिचं पित्ताशय काढलंय!”

“म्हणूनच, काका. दुर्बिणीतून काढलंय. लवकर चाललं की लवकर बरं वाटतं.”

नवऱ्याला हे पटणं शक्यच नव्हतं. त्याचंही हेच ऑपरेशन झालं होतं, पण जुन्या पद्धतीचं. बरगडीखाली वीतभर चीर, मग कितीतरी दिवस अंथरूण. घरी सोडताना डॉक्टरांनी बजावलं होतं, ‘जड उचलायचं नाही.’ कधीपर्यंत, ते त्यांनी सांगितलं नाही आणि यानेही विचारलं नाही. तेव्हा मुलगी रांगत होती; आता ती स्वतः आई झाली होती. इतकी वर्षं घरातला सिलिंडर बायकोनेच सरकवला, गाद्या तिनेच गच्चीवर नेल्या, दिवसभर शाळेत गणित शिकवून येताना भाजीच्या पिशव्याही तिनेच वाहिल्या. पुढे पुढे तर त्याला पाण्याचा पेलाही जड होऊ लागला. कुणी काही बोललंच, तर हा शर्ट वर करून चीर दाखवायचा.

तिच्या पोटावर मात्र चार चिमुकल्या पट्ट्या होत्या. दाखवण्यासारखं काही नव्हतंच. तिला ऑपरेशनची भीती वाटली नव्हती. भीती होती ती घरी जाण्याची.

ती उठली. पोटात कळ आली. तिने ओठ दाताखाली धरला आणि सिस्टरचा हात धरून निघाली.

“पडलीस तर मला सांगू नकोस!” नवरा मागून ओरडला.

ती व्हरांड्याच्या टोकापर्यंत गेली. “बास आता,” सिस्टर म्हणाली. “अजून एक फेरी,” ती म्हणाली.

परत आली तर नवरा तिच्याच पलंगावर आडवा.

“बसून बसून टाके ओढल्यासारखे झाले,” तो म्हणाला. “ती पाण्याची बाटली दे गं जरा.”

बाटली त्याच्या उशाशीच होती. सलाईनची सुई टोचलेला तिचा हात सवयीने पुढे गेला. मग तिला स्वतःचाच असा काही राग आला, की तिने हात तसाच मागे घेतला.

तेवढ्यात सर्जनबाई आल्या. पेशंटला उभं पाहून खूश झाल्या. “वा! उद्या घरी जा. हिंडाफिरायला हरकत नाही. जड तेवढं महिनाभर उचलू नका.”

“महिनाभरच?” तिने विचारलं.

“महिनाभरच. मग सगळं करा.”

“हे झकास झालं!” नवरा उशीला टेकूनच म्हणाला. “म्हणजे उद्या संध्याकाळचा चहा हिच्या हातचा!”

“डॉक्टर,” ती म्हणाली. वर्गातल्या शेवटच्या बाकापर्यंत जायचा, तोच हा आवाज. शेजारच्या पलंगावरची पेशंटसुद्धा मान वळवून बघू लागली. “यांचंही हेच ऑपरेशन झालंय. आमची मुलगी रांगत होती तेव्हा. यांना कधी उठवायचं?”