दोन बोटं चामडं

अर्धं अंग लुळं पडून वाचा गेलेल्या पुरीताला तुम्ही दवाखान्यातनं टॅब दिलात, हातात धरायचा संगणक. एका हातानं धरायचा, दुसऱ्यानं चित्रं दाबायची, मग तो तिच्यासाठी बोलणार. तिला हात एकच उरलाय, हे तुमच्याच कागदावर लिहिलेलं होतं. तिच्या नवऱ्यानं, आन्सेल्मोनं, तुमच्या खिडकीपाशी विचारलं, "हा उभा कशावर करायचा?" आतली मुलगी म्हणाली, "स्टँड यादीत नाही, काका." पाच मिनिटांत तिनं चित्रं दाखवली, सही घेतली आणि पुढच्याला हाक मारली.

इथपर्यंत दोष तुमचा. पुढचा आन्सेल्मोचा.

मारिकिनात चाळीस वर्षं बूट बनवणारा माणूस स्टँडसाठी कुणापुढे तोंड वेंगाडत नाही. त्यानं टॅब बंद केला, तपकिरी कागदावर ठेवला आणि पावलाचं माप घ्यावं तशी भोवतीनं पेन्सिल फिरवली. पाठीला फळी. पाय म्हणून दोन जुने कलबूत, ज्या लाकडी पावलांवर बूट चढवतात ते. पहिला स्टँड पुढं कलंडला. दुसऱ्यात टॅब इतका मागं झुकला की पुरीताला त्यात फक्त छताचा पत्रा दिसायचा. तिसरा जमला. चार्जरच्या वायरीसाठी बाजूला भोक ठेवलं, म्हणजे टॅब बाहेर काढायलाच नको. मग राहिली शोभा. कच्ची कड दिसली की माल परत येतो, हे त्याच्या बापानं चामडं कापायच्या रापीची मूठ डोक्यात मारून शिकवलेलं. त्यानं चारी बाजूंनी वासराचं मऊ चामडं काचेवर दुमडून घेतलं, टाके घातले. खाली भार येतो म्हणून तिथं दोन बोटं रुंद.

टॅब चालू केला. पाणी, पेज, पंखा, धन्यवाद. चित्रं झकास दिसत होती.

पुरीतानं पहिल्या दिवशी 'पाणी' दाबलं. बाईच्या आवाजात टॅब म्हणाला, "पाणी." आन्सेल्मो स्वयंपाकघरात जाऊन रडला आणि मग पाणी घेऊन आला.

तिची मान आता आपोआप डुलायची. मानेवर जाऊ नका, टॅबवर काय दाबते ते बघा, असं व्यायाम घेणाऱ्या बाईनं बजावलं होतं. आन्सेल्मो तेच बघायचा. पुरीता बराच वेळ खालच्या चामड्यावर बोट फिरवत राहायची. त्याला वाटायचं, टाके बघतेय. तीस वर्षं बुटांची वरची चामडी तिनंच तर आपल्या मशीनवर शिवली होती.

त्या मशीनचं त्यानं तिला विचारलं. "पुरिंग, तुझं मशीन शेजारच्या सुनेला देऊ? नुसतं गंजतंय." बोट चामड्यावरून घसरत वर गेलं. "पाणी," टॅब म्हणाला. त्यानं पाणी दिलं. मशीन गेलं. त्या दिवशी ती खूप रडली. झटका आलेली माणसं रडतातच, असं सगळे म्हणाले.

मग पुरीताची थोरली बहीण रोसेंदा लुकबान गावाहून आली. तिच्याकडे दोन सुना, अंगण, पुराची भीती नाही. इथं आन्सेल्मोला तिला उचलून अंघोळ घालणं जमत नव्हतं. दोनदा दोघंही पडले होते.

"ताईकडे जातेस का, पुरिंग?"

"पंखा," टॅब म्हणाला.

रोसेंदा हसली. "काय गुणी झालीय ही! लहानपणी माझ्या झिंज्या उपटायची. आता बघ, पाणी, पंखा, धन्यवाद."

"माझा संसार या डब्यानं सुधारला, ताई," आन्सेल्मो म्हणाला. "तीस वर्षांत हिनं मला धन्यवाद म्हटलं नव्हतं."

आज सकाळी तिला न्यायला गाडी दारात आली. पिशव्या चढल्या. पुरीता खुर्चीत, अंगावर ठेवणीतला फुलाफुलांचा झगा. स्टँड काही पिशवीत मावेना. कलबुतांचे अंगठे बाहेर येत होते.

"राहू दे तो," रोसेंदा म्हणाली. "माझा थोरला प्लायवूडचा करून देईल. नुसता डबा दे."

आन्सेल्मोनं रापी घेतली, बाजूचे टाके कापले आणि टॅब ओढून काढला. तो पुरीताच्या मांडीवर ठेवला आणि तिच्या चपलेचा बंद लावायला खाली वाकला.

"नको," टॅब म्हणाला.

त्याला वाटलं, रोसेंदाच बोलली.

"नको. नको. नको."

त्यानं मान वर केली. काचेच्या तळाशी चित्रांची आणखी एक ओळ होती. हो. नको. थांबा. दुखतंय. ओळ जेमतेम दोन बोटं रुंद, खालच्या चामड्याएवढी. पुरीताचं बोट दुसऱ्या चित्रावर होतं. ते वर उठत होतं, पडत होतं, मशीनच्या सुईसारखं.

बाहेर ड्रायव्हरनं हॉर्न दिला.

"अगं बाई, हे काय बिघडलं आता?" रोसेंदा म्हणाली. "बंद कर ते. चला, उशीर होतोय."

"ताई, गाडी परत पाठव."

"वेडा झालास का? पिशव्या चढल्यात."

"उतरव."

 रोसेंदा पिशव्या उतरवायला बाहेर गेली. आन्सेल्मोनं चपलेचा बंद सोडला. पुरीताच्या गुडघ्याशी जमिनीवर बसला. "नको," टॅब पुन्हा म्हणाला.

"आजचं कळलं, पुरिंग. गाडी गेली." त्यानं टॅब तिच्या बोटाखाली सरळ केला. "महिनाभर मी विचारत होतो आणि पाणी आणून देत होतो. मशीनला नको म्हणालीस? गरम पेजेला? दुखत असताना मी तो हात चोळायचो, त्याला? मी एकेक विचारतो. तू दाब. कशाकशाला नको म्हणत होतीस?"