कॉफीत दूध की दुधात कॉफी

"कॉफीत दूध घाल, नाहीतर दुधात कॉफी. प्यायचं तेच ना, बाई?" सहकारी मारिसोलची शंका डेलानीने अशी हसण्यावारी नेली.

कंपनीच्या सर्च इंजिनमध्ये विचारलेले शब्द तेच असतील, तर ते कसेही मागेपुढे असोत, प्रश्न एकच धरायचा आणि त्यातलं जे जास्त लोक विचारतात त्याचंच तयार उत्तर द्यायचं, ही डेलानीची कल्पना. आज ती लागू झाली, सर्च झपाझप चालू लागलं, आणि ऑफिसने तिच्यासाठी केक आणला.

पहिला घास तोंडात असतानाच फिनिक्सहून वडिलांचा फोन आला.

"पोरी, काय झटपट झालंय गं तुमचं सर्च! स्विमिंग पूलमध्ये टाकायचं ॲसिड पातळ करतोय. विचारलं, ॲसिडमध्ये पाणी ओतू का? लगेच म्हणालं, 'हो, पण हळूहळू.'"

डेलानीने केकची बशी बाजूला सारली. ते उत्तर 'पाण्यात ॲसिड ओतू का?' या प्रश्नाचं होतं. उलटं केलं की ॲसिड उसळून थेट तोंडावर येतं.

"डॅड, थांब! ओतू नकोस!"



"जरा मोठ्याने बोल गं. ॲसिडच्या बादलीत पाइप सोडलाय, पाण्याच्या आवाजात काही ऐकू येत नाही."