प्रस्थान

"कुठल्याही देशाचं महाकाव्य घे, नायकाची पहिली पायरी एकच. प्रस्थान." बाबा डोळे मिटून सांगत होते, लेक टाइप करत होती. "तो घर सोडतो. राक्षस, पाताळ, परतीची वाट, सगळं त्यानंतर. लिहिलंस?"

"हो, बाबा."

"'शाप'च्या नोंदीत काल ढीगभर चुका केल्यास. वाचतेस डोंगराएवढं, डोक्यात शिरतं तिळाएवढं."

ती नुसती हसली. बाबांची नजर गेल्यापासून त्यांच्या पुराणकथांच्या कोशाचं टाइपिंग तिच्याकडे होतं. त्यांना उलटून बोलायचं नाही, हे त्याच्याही आधीपासून.

फोन वाजला. बाबांनी चाचपडत उचलला. पलीकडे त्यांचाच जुना विद्यार्थी, आता परगावच्या विद्यापीठात विभागप्रमुख. लेकीची बोटं थांबली. तिथल्या शिक्षकाच्या जागेसाठी तिने मुलाखत दिली होती, आणि ती चांगली झाली होती.

"हुशार आहे रे," बाबा म्हणाले, "पण वर्ग सांभाळणं तिला झेपायचं नाही. चार पोरं फिदीफिदी हसली की रडत घरी येईल. आणि खरं सांगू? तिच्या मनातही नाही. नाही म्हणायला लाजते, इतकंच. तू दुसरं कुणी बघ."

फोन ठेवून ते खुर्चीत रेलले. "कुठे होतो आपण?"

तिने पडद्यावरचं वाचून दाखवलं. "तो घर सोडतो."

"हं. पुढे घे. जो उंबऱ्यातच अडला, त्याची कथा होत नाही."

तिने लिहिलं. मग त्यांना औषध दिलं, पांघरूण घातलं.

सकाळी ती चहा घेऊन गेली तेव्हा बाबा उठले नव्हते. झोपेतच गेले होते.

दुपारपर्यंत घर माणसांनी भरलं. विभागप्रमुख मिळेल त्या गाडीने आले, बाबांच्या उशाशी बसून लहान मुलासारखे रडले. मग तिच्याकडे वळले.

"ताई, आता तुम्ही अगदी एकट्या. ती नोकरी असती तर आधार झाला असता. पण सरच नको म्हणाले, म्हणून आम्ही काल संध्याकाळी दुसऱ्याला कळवून टाकलं."

शेजारी बसलेल्या मावशीने तिच्या पाठीवरून हात फिरवला. "रड गं बाई. आत ठेवू नकोस काही."

ती वाकली. बाबांच्या कपाळावरचे केस हलकेच मागे सारले, आणि साऱ्या खोलीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली,

"बाबा, एक दिवस आधी का नाही गेलात?"