काना

फोन कधीचा बंद झाला होता. तरी शिलाईच्या टेबलाभोवती उभे असलेले तिघेही त्याच्याकडेच पाहत होते. जणू त्या काळ्या काचेखाली अजून कुणीतरी श्वास रोखून ऐकत होतं.

अखेर मास्तरांनी तोंडातल्या टाचण्या काढून मनगटावरच्या गादीत टोचल्या. दुकान त्यांचं. भर दुपारी शटर अर्ध्यावर ओढून त्यांनी ते या बहीणभावांच्या कामाला दिलं होतं.

"काय रे, आई एवढ्या अदबीनं बोलतात तुझ्याशी? 'तुम्ही जेवलात का, तुम्ही जपून राहा.' मुलगा आहेस की जावई?"



"मला ती गाढवा म्हणते," धाकटा म्हणाला. "माझ्या साहेबांसमोरसुद्धा म्हणाली होती. आयुष्यात कधी तिनं मला अहो-जाहो केलेलं नाही."

टेबलावर पांढरं कापड पसरलं होतं. त्यावर ताईच्या नवऱ्याचं नाव. जाड, काळं, एकेक अक्षर मास्तरांनी वेगळं कापून शिवलेलं. उद्या सकाळी आपल्याच देशाच्या वकिलातीसमोर हे कापड धरून, एकही घोषणा न देता, नुसतं उभं राहायचं होतं. परवानगी धाकट्याच्या नावावर होती. भाऊजी तिकडे तुरुंगात होते. आई तिकडे घरात होती.

"तिच्या शेजारी कुणीतरी बसलं असणार," तो हळू आवाजात म्हणाला. "दुसरं कसं सांगणार होती ती?"

"असं कशाला धरून चालायचं?" ताईनं तळहातानं कापडाची सुरकुती सपाट केली, तिथे सुरकुती नव्हती. "आपल्या दोघांना मिळून म्हणाली असेल. तुम्ही म्हणजे तू आणि मी."

बोलता बोलता तिचा हात थांबला. ती इथे येऊन पोचली आहे, हे आईखेरीज तिकडे कुणालाही ठाऊक नव्हतं. ऐकणारं कुणी असेलच, तर आता ठाऊक झालं होतं.

त्या साध्या शब्दाला दोन दारं होती, आणि दोन्हींतून तीच थंडी आत येत होती.

शटरखाली फुटपाथची एक पट्टी दिसत होती. तिच्यावर दोन बूट येऊन उभे राहिले. काळे, नुकतेच पॉलिश केलेले. मास्तरांनी मशीनवरचा दिवा मालवला. बूट हलेनात. मग लायटर वाजला, धुराचा वास आत आला, आणि बूट सावकाश निघून गेले.

"ताई, आईला काही करणार नाहीत ना ते?"

"यांना घेऊन गेले, तेव्हा मीही हेच विचारलं होतं."

"कुणाला?"

"आईलाच."

"मग? काय म्हणाली?"

"म्हणाली, दोन प्रश्न विचारतील आणि सोडतील."

मास्तरांनी दिवा पुन्हा लावला. उजेड कापडाच्या शेवटच्या शब्दावर पडला. नाव झालं होतं, त्यापुढचं 'यांना' झालं होतं. 'सोडा'मधला अखेरचा काना तेवढा उरला होता. ती काळी पट्टी त्यांच्या बोटांत लोंबत होती.

"हा लावायचा राहिला, तर सरकारला अरेतुरे केल्यासारखं होईल," ते हसायचा प्रयत्न करत म्हणाले. मग धाकट्याकडे वळले. "काय रे, लावू ना?"

धाकट्यानं कापडावरचा शब्द वाचला, जसा होता तसा: सोड. जणू तो त्यालाच सांगितलेला होता. ताई कापडाकडे पाहत नव्हती. ती त्याच्याकडे पाहत होती.

त्यानं खुंटीवरचा कोट काढला. फोन टेबलावरच राहू दिला. वाकून तो शटरखालून बाहेर पडला. फुटपाथच्या पट्टीवर त्याचे बूट क्षणभर थांबले, आणि मग दिसेनासे झाले.