दीपेशच्या खोलीतला खोकला

दीपेशला कुणा मेलेल्या माणसाची किडनी बसवून महिना झाला होता. घरी सोडताना डॉक्टरांनी बजावलं होतं, "नवी किडनी टिकावी म्हणून औषधांनी याची रोगाशी लढायची ताकद मुद्दाम कमी केलीय. कुणाचा साधा खोकलाही जिवावर बेतेल."

तेव्हापासून त्याची आई, शकूबाई, दारात खुर्ची टाकून बसली. सगळ्यांच्या चपला अंगणात, पाणी उकळून गार केलेलं. मोसंबी घेऊन वसईहून आलेल्या सख्ख्या नणंदेलाही तिनं ओटीवरूनच वाटेला लावलं.

"बघायला आलीस का पोचवायला? माझ्या उंबऱ्यातून वारासुदा इचारून आत जातो!"

त्या दुपारी खोलीत कुणीतरी खोकलं. बारीक, कोरडं, जुनाट.

शकूबाईनं सुनेला फैलावर घेतलं. "निधी, कोनाला घेतलंस आत?"

"कुणालाच नाही, आई. दारात तर तुम्हीच बसलाय."

पुन्हा खोकला आला. शकूबाईनं पलंगाखाली पाहिलं, खिडकीबाहेर पाहिलं. वाडीत चिटपाखरू नव्हतं.

"बाबू, तू खोकलास?"

दीपेशनं मान हलवली. तोंडावरचा मास्क जागचा हलला नव्हता. "मी नाय, आई. पन चार दिवस ऐकतोय. तू घाबरशील म्हनून बोललो नाय."

"मी घाबरते काय कोनाला?" म्हणत तिनं त्याच्या अंगावरची चादर बाजूला केली. साबणानं धुतलेला हात त्याच्या कुशीवर, टाक्यांच्या वणावर ठेवला.

तळव्याखाली कुणीतरी सावकाश, छाती भरून श्वास घेतला.