उसनी भूक

केतकीने कालपासून पोटात पाण्याशिवाय काही जाऊ दिलं नव्हतं. दवाखान्यात तिच्या आणि लेकीच्या कानामागे धातूच्या चकत्या बसवल्यापासून तिची भूक ओवीला लागायची, आणि वर्षभर अन्नाला घाबरणारी अकरा वर्षांची पोर निदान चार घास मऊभात खायची.

आज मात्र ओवीने चमचा तसाच खाली ठेवला. "तू जेवलीस?"

"हो गं, मघाशीच."

"आई, थापा मारू नकोस. तुझीच भूक लागलीये मला. माझ्यामुळे उपाशी राहतेस ना? आधी तू खा, मग मी."

ओवीने स्वतःच घास पुढे केला. केतकीला नाही म्हणवेना. लेक भरवत गेली, ती खात गेली.

"बास, आता तू खा हं," केतकी घाईने म्हणाली.

ओवीने वाटी दूर सारली. "नको. पोट भरलं माझं."